शेवटच्या खोलीतील ऊब

अन्याय म्हटला की तो करणारा कोणीतरी असलाच पाहिजे, अशी आपली सहज समजूत असते. कोणी उपाशी राहिला तर कोणीतरी त्याचा घास हिरावून घेतला असणार, कोणी अंधारात बसला तर कोणीतरी त्याचा दिवा मालवला असणार, असे मानून आपण त्या ‘कोणीतरी’चा शोध घेऊ लागतो. पुष्कळदा तो सापडतोही. परंतु जगात अशीही विषमता असते की जिच्या मुळाशी कोणाचाच दुष्ट हेतू आढळत नाही. सर्वजण आपापल्या परीने सरळ वागत असतात, आणि तरीही एकाच्या वाट्याला गरजेहून अधिक येते व दुसऱ्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. अशा विषमतेची जबाबदारी कोणाची? जिथे अपराधी नाही, तिथे कर्तव्य तरी कोणाचे मानावयाचे?

या प्रश्नाचा विचार केवळ तात्त्विक शब्दांनी केला तर तो अधांतरीच राहण्याचा संभव असतो. म्हणून येथे एका घरगुती यंत्रणेच्या आधाराने तो करून पाहू. ही यंत्रणा म्हणजे थंड देशांतील जुन्या घरांत वाफेच्या साहाय्याने खोल्या उबदार ठेवण्याची व्यवस्था. आपल्या हवामानात तिची गरज पडत नाही. पण न्यू यॉर्क, बॉस्टन, शिकागो यांसारख्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३०च्या सुमारापर्यंत बांधलेल्या असंख्य इमारतींत ती आजही काम करीत आहे. शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या ज्या मराठी कुटुंबांनी अशा जुन्या इमारतींत भाड्याने दिवस काढले आहेत, त्यांना खिडकीखालचा तो जडशीळ बिडाचा रेडिएटर आणि रात्री-अपरात्री त्यातून उठणारा ठणठणाट चांगलाच परिचयाचा असतो.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. तळघरात एक बॉयलर असतो. त्यातील पाणी उकळले की वाफ होते आणि ती नळ्यांतून वरच्या खोल्यांकडे धाव घेते. तिला ढकलावयास पंप लागत नाही. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पटींनी वाढते आणि त्या विस्तारानेच ती पुढे सरकते. थंड रेडिएटरला स्पर्श होताच वाफेचे पुन्हा पाणी होते व ते पाणी उताराने बॉयलरकडे परत येते. अनेक जुन्या घरांत वाफेला वर जाण्यासाठी आणि पाण्याला खाली येण्यासाठी एकच नळी असते. ऊब मिळते ती वाफेचे पाणी होण्याच्या क्षणी. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास सुमारे १०० कॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही दडलेली उष्णता तापमापकावर दिसत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या आरंभी तिचा शोध लावला आणि तिला ‘सुप्त उष्णता’ हे नाव मिळाले. वाफ ही सारी दडलेली उष्णता खोलीला देऊन टाकते, आणि ती देताना स्वतः वाफ म्हणून उरत नाही.

आता या व्यवस्थेतील दुखणे पाहू. अशा घरांतून वर्षानुवर्षे ऐकू येणारी तक्रार एकच असते : उष्णता सारखी पोहोचत नाही. बॉयलरच्या जवळच्या खोलीत जानेवारीच्या कडाक्यातही घामाच्या धारा लागतात आणि तेथील माणसे खिडक्या उघडून बसतात. तर नळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या खोलीतील माणूस अंगात कोट घालून, पांघरुणे घेऊन कुडकुडत असतो. उगम एक, नळी एक, छप्परही एक. जळणाचा खर्च सर्वांच्या नावे सारखाच पडतो. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ या म्हणीत तळे राखणाऱ्याच्या मनातला थोडासा लोभ गृहीत धरलेला आहे. येथे तर तोही नाही. जवळच्या खोलीतील माणसाने काहीही केलेले नाही. तो केवळ जवळ आहे.

अशा वेळी सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे आग वाढविणे. शेवटच्या खोलीत ऊब पोहोचत नाही, तेव्हा उगमाशी ऊब कमी पडत असावी, असा हा तर्क. वरवर पाहता तो बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात तो चुकीचा ठरतो. या यंत्रणेला घरगुती वापरात फारच थोडा दाब पुरतो. दर चौरस इंचाला दोन पौंडांहूनही कमी. त्याहून दाब वाढविला तर जळण अधिक खर्च होते, जवळची खोली अधिक तापते आणि दूरची खोली बहुधा होती तशीच राहते. कारण दूरच्या खोलीचा रेडिएटर रिकामा नसतो. तो हवेने भरलेला असतो. बॉयलर थंड असताना सर्व नळ्यांत आणि सर्व रेडिएटरांत हवा शिरून बसते. ती बाहेर गेल्याशिवाय वाफेला आत येण्यास जागाच मिळत नाही. दाब वाढविला तर अडकलेली हवा थोडी आकसते, इतकेच.

म्हणूनच प्रत्येक रेडिएटरच्या कडेला हवा बाहेर सोडणारी एक लहानशी झडप बसविलेली असते. हवा बाहेर पडेपर्यंत ती उघडी राहते आणि वाफेचा कढत स्पर्श होताच आपोआप मिटते. ही झडप गंजली, किंवा घर रंगविताना तिच्या बारीक छिद्रावर रंगाचे थर बसले, की तो रेडिएटर थंड पडतो. बॉयलरमध्ये वाफेचा महापूर असला तरी तो थंडच राहतो. रुपया-दोन रुपयांएवढ्या आकाराच्या छिद्राने नव्हे, टाचणीच्या अग्राएवढ्या छिद्राने एका माणसाचा हिवाळा ठरतो.

समाजाच्या व्यवहारातही आपण हीच चूक वारंवार करीत असतो. शेवटच्या माणसापर्यंत काही पोहोचत नाही असे दिसले की आपण उगमाशी असलेला साठा वाढवितो. अधिक निधी, अधिक योजना, अधिक उत्साह. साठा वाढविणे काही वेळा आवश्यकही असते. परंतु दूरच्या खोलीत आधीच काय भरून राहिले आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो. तेथे जुनी भीती असेल, पूर्वी झालेला अपमान असेल, कोणी ऐकून न घेतलेले गाऱ्हाणे असेल. त्याला बाहेर पडावयास वाट मिळाल्याशिवाय आपल्या मदतीला आत शिरता येत नाही. कुटुंबातही हेच दिसते. दुरावलेल्या भावावर प्रेमाचा कितीही वर्षाव केला, तरी त्याच्या मनातील बोल त्याला बोलू दिला नाही तर ते प्रेम दारातच थबकते. देण्याच्या आधी ऐकून घ्यावे लागते, आणि ऐकणे हे देण्यापेक्षा पुष्कळदा कठीण असते.

जाणता कारागीर या दुखण्याकडे कसा पाहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तो आगीला हात लावण्याआधी थंड खोलीत येतो. रेडिएटरच्या नळीवरील व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे की नाही ते पाहतो. रेडिएटरचा उतार नळीकडे आहे की नाही ते तपासतो. कारण जुनी घरे खचतात, जमिनी कलतात आणि पाणी परत वाहून जाण्याऐवजी रेडिएटरमध्येच साचून राहते. मग तो हवेची झडप पाहतो. त्यानंतर तळघरात जाऊन मुख्य नळीच्या टोकाशी असलेली मोठी झडप तपासतो, कारण मुख्य नळीतील हवा लवकर निघून गेली तरच वाफ सर्व खोल्यांच्या उंबरठ्याशी जवळपास एकाच वेळी येऊन उभी राहते. कुठे नळी झोळासारखी खाली आली आहे, कुठे तिच्यावरचे उष्णतारोधक वेष्टन निघून गेले आहे, हे तो पाहतो. बॉयलरमधील पाण्याची पातळी आणि दाबाचा आकडा तो पाहतो. आणि सर्वांत शेवटी तो अशी एक गोष्ट करतो की जिच्यात या लेखाचा अर्धा विषय सामावलेला आहे. जवळच्या खोल्यांना तो हवा सावकाश सोडणाऱ्या झडपा बसवितो आणि दूरच्या खोल्यांना ती झपाट्याने सोडणाऱ्या.

म्हणजे सर्वांना सारखी ऊब मिळावी म्हणून तो सर्वांना सारखी झडप देत नाही. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाचा विचार करताना वाटपाचा न्याय म्हणजे प्रमाण, असे प्रतिपादन केले आहे. सरसकट समान वाटणी त्याला अभिप्रेत नव्हती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. दोन व्यक्तींमधील देवघेवीचा न्याय वेगळा आणि समूहाने आपल्या घटकांना द्यावयाच्या वाट्याचा न्याय वेगळा, हा भेद त्यांनी स्पष्ट मांडला. बाजारात दोन रुपयांच्या वस्तूला दोन रुपयेच द्यावे लागतात; तेथे माणूस कोण हे पाहावयाचे नसते. परंतु एका घरातील वाटप करताना कोण कोठे आहे, हे पाहावेच लागते. त्याच ग्रंथात ॲरिस्टॉटलने लेझ्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती ताठ नसे. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाकत असे. नियम सर्वांसाठी असतो, पण तो वापरणाऱ्याला दगडाचा आकार पाहून वाकता आले पाहिजे, हे त्यातून त्याला सुचवावयाचे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. जवळच्या खोलीची झडप मंद केली, म्हणजे तेथील माणसाच्या हक्काची ऊब काढून घेतली असे होत नाही काय? तो बॉयलरजवळ राहतो हा त्याचा गुन्हा आहे काय? गुन्हा नाहीच. परंतु त्याच्याकडून नेमके काय काढून घेतले जाते, ते पाहावे. जी उष्णता तो खिडकी उघडून बाहेरच्या बर्फाला देत होता, तेवढीच. त्याची खोली पूर्वीइतकी तापत नाही, पण ती उबदार राहते. अलीकडे अशी झडपही मिळते की जी खोली पुरेशी उबदार असेल तर हवेला वाट देत नाही. त्यामुळे नवी वाफ त्या खोलीत न शिरता पुढे जाते. ‘पुरे’ हा शब्द योग्य वेळी उच्चारणारी ती झडप आहे. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याचे नुकसान न होताही पुष्कळदा दुसऱ्याचे भागू शकते. प्रश्न इतकाच असतो की ‘पुरे’ कधी म्हणावयाचे हे कोणी ठरवावयाचे.

हा ठरविण्याचा अधिकार या यंत्रणेत थर्मोस्टॅटकडे असतो. भिंतीवरील ती छोटी पेटी खोलीतील उष्णता मोजते आणि ठरलेला आकडा गाठला की बॉयलरला थांबविते. परंतु ती एकाच खोलीत असते. ती ज्या खोलीत आहे त्या खोलीपुरतेच तिला कळते. ती बॉयलरजवळच्या दिवाणखान्यात असेल, तर दिवाणखाना उबदार होताच ती साऱ्या घराच्या वतीने समाधान व्यक्त करते आणि आग विझते. शेवटच्या खोलीच्या वाटेवर असलेली वाफ वाटेतच पाणी होऊन परत फिरते. तिचे मोजमाप खोटे नसते. ते एका जागेचे असते, एवढाच त्याचा दोष. आपल्या संस्था, आपली मंडळे, आपली कुटुंबे यांत ‘सर्व ठीक चालले आहे’ असा निर्वाळा देणारी माणसे बहुधा कोणत्या खोलीत बसलेली असतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

मग थर्मोस्टॅट उचलून सर्वांत थंड खोलीत बसवावा काय? अमेरिकन तत्त्वचिंतक जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात असे मांडले की सामाजिक व आर्थिक विषमता समर्थनीय ठरावयाची असेल, तर तिचा लाभ सर्वांत वंचित असलेल्यांना झाला पाहिजे. शेवटच्या खोलीतून मोजा, असाच त्याचा मथितार्थ. हे मोजमाप योग्य दिशेचे आहे यात शंका नाही. परंतु आपली यंत्रणा येथे एक सावधगिरीचा इशारा देते. झडपा तशाच ठेवून केवळ थर्मोस्टॅट हलविला, तर शेवटची खोली उबदार होईपर्यंत बॉयलर जळतच राहील आणि मधल्या सर्व खोल्या भट्टीसारख्या तापतील. शेवटच्या माणसाकडे पाहणे ही सुरुवात झाली. त्याच्यापर्यंतची वाट दुरुस्त करणे हे त्यापुढचे काम आहे.

कायद्याच्या बाबतीतही हेच खरे आहे. न्यू यॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा उष्णतेचा हंगाम मानला जातो. या काळात सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर घरमालकाने घरात किमान ६८ अंश म्हणजे सेल्सियसचे २० अंश तापमान राखलेच पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत बाहेर काहीही असले तरी किमान ६२ अंश राखले पाहिजे. हा कायदा चांगला आहे आणि आवश्यकही आहे. त्याच्यामुळे शेवटच्या खोलीतील भाडेकरूला दाद मागण्यास जागा मिळते. परंतु कायदा किमान आकडा सांगू शकतो. समतोल साधून देऊ शकत नाही. शेवटचे बिऱ्हाड कसेबसे ६८ अंशांवर यावे म्हणून संपूर्ण इमारत तापविणारा मालक कायदा पाळतो, पण जळण वाया घालवितो आणि पहिल्या बिऱ्हाडाला खिडक्या उघडावयास लावतो.

आणि ज्याच्यापर्यंत ऊब पोहोचत नाही तो काय करतो? तो आपला खाजगी उपाय शोधतो. विजेची शेगडी आणतो, स्वयंपाकाची भट्टी पेटवून तिचे दार उघडे ठेवतो. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका उंच इमारतीत आग लागली आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ८ मुले होती. इमारतीतील उष्णता चालू होती, तिला पूरक म्हणून लावलेल्या विजेच्या हीटरमध्ये बिघाड होऊन ही आग लागली, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. आग फार पसरली नाही. उघड्या राहिलेल्या दारांतून धूर मात्र वरपर्यंत गेला आणि ज्यांचा त्या हीटरशी काहीही संबंध नव्हता अशी माणसे गुदमरली. एका खोलीतील उणीव त्या खोलीपुरतीच राहते, असे मानणाऱ्याने या घटनेचा विचार करावा.

मग वैयक्तिक सद्गुणाला काही स्थान उरते की नाही? समजा, जवळच्या खोलीतील एका सज्जनाने ठरविले की आपण आपला वाटा कमी करावा, आणि त्याने रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. हेतू उत्तम. परंतु एकनळी यंत्रणेत हा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा असावा लागतो किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या वाटेने वाफ आत शिरते आणि पाण्याला बाहेर पडता येत नाही. ते साचते, वाफेशी झगडते आणि नळीत हातोडे मारल्यासारखा आवाज होऊ लागतो. सज्जनाचा त्याग सर्वांच्या झोपेच्या मुळावर येतो. म्हणजे त्याग करू नये असे नाही. आपण ज्या व्यवस्थेचे अंग आहोत ती कशी चालते हे समजून घेऊन तो करावा. आपल्या परंपरेत मूलभूत सद्गुणांच्या यादीत विवेकाला अग्रस्थान दिले आहे ते उगाच नव्हे. भाबड्या सद्भावनेने झालेले नुकसान निस्तरणे विशेष अवघड असते, कारण त्याबद्दल बोलावयास कोणी धजत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या घरातील विषमतेला जबाबदार कोण? घर बांधणाऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे उत्तमच काम केले होते. १९१८-१९च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात बंद खोलीतील कोंदट हवेचे भय मोठे होते. हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवता याव्यात या बेताने त्या काळी मोठमोठे बॉयलर आणि रेडिएटर बसविले गेले, असे या विद्येचे जाणकार सांगतात. पुढच्या पिढीने इंधन वाचविण्यासाठी खिडक्या घट्ट केल्या. तेही शहाणपणाचे होते. कोणी नळ्यांवरचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टन आरोग्याला घातक म्हणून काढून टाकले, पण त्याजागी दुसरे घातले नाही. कोणी भिंतीबरोबर झडपही रंगविली. घर हळूहळू एका बाजूला खचले. मूळ कारागीर निवर्तले आणि त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. अमेरिकेतील डॅन होलोहन यांनी १९९२ साली या विषयावर जे पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘वाफेने घर तापविण्याची हरवलेली कला’ अशा अर्थाचे आहे. प्रत्येकाने आपल्या काळी आपल्यापुरते योग्य तेच केले. आणि त्या सर्वांची बेरीज एका माणसाला थंडीत ठेवणारी झाली.

म्हणून दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. दोष मागे पाहतो : हे कोणी केले? जबाबदारी पुढे पाहते : हे आता कोणाला दुरुस्त करता येईल? आज त्या घरात राहणाऱ्या कोणाचाही दोष नसेल. परंतु शेवटच्या खोलीत ऊब पोहोचत नाही हे एकदा कळल्यानंतर ती तशीच ठेवणे हा निर्णय असतो, आणि निर्णयाला धनी असतो. जे अजाणतेपणी घडले त्याला दैव म्हणता येईल. जे जाणून चालू ठेवले त्याला तो आधार उरत नाही.

आणि कळावे कसे? उबदार खोलीत बसून ते कळत नाही, ही या यंत्रणेची सर्वांत मोठी शिकवण आहे. थंडीची तक्रार करणाऱ्याला ‘आमच्याकडे तर भरपूर ऊब आहे’ असे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो आपल्या खोलीबद्दल खरेच बोलत असतो. त्याने उठून, दालन ओलांडून, शेवटच्या खोलीत जाऊन, तेथील रेडिएटरवर एकदा आपला हात ठेवावयास हवा. जळण वाढवावे की झडप बदलावी, हे त्यानंतरच ठरविता येईल.